तोंड उताराकडे करून गाडी एक रात्र लावून बघा

वाचकाचं पत्र

नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. घर तासगाव तालुक्यात सावळजजवळ मळ्यात, शाळा कवठेमहांकाळ तालुक्यात. रोजचं जाणं-येणं गाडीनंच. गाडी २०१४ ची डिझायर डिझेल, तीन वर्षांपूर्वी जुनीच घेतली. आता १ लाख ३८ हजार किलोमीटर झालेत.

दिवाळीच्या सुट्टीत सर्व्हिसिंग करून घेतलं. ऑइल आणि तिन्ही फिल्टर बदलले. त्यानंतर पंधरा दिवसांतच सकाळी गाडी चालू व्हायला त्रास द्यायला लागली. तीन-चार वेळा लांब सेल्फ मारावा लागतो. मग चालू होते, भुरभुरते, एकदा बंद पडते आणि पुन्हा सेल्फ मारला की व्यवस्थित लागते. एकदा लागली की दिवसभर अर्ध्या सेल्फवर चालू होते. ॲव्हरेज, पिकअप, सगळं पहिल्यासारखं आहे. एका मिस्त्रींनी बॅटरी बदलायला लावली, काही फरक पडला नाही. दुसरे म्हणाले, चारही इंजेक्टर गेलेत, अठ्ठेचाळीस हजार धरून चाला. मी कारण विचारलं तर म्हणाले, "मॅडम, तुम्हाला नाही कळायचं ते."

गंमत म्हणजे शनिवार-रविवारी माहेरी सांगलीत विश्रामबागला गेले की गाडी सकाळी एका सेल्फमध्ये चालू. आई म्हणते, गाडीलासुद्धा माहेर मानवतं!

माझी स्कूटर मी स्वतः सर्व्हिस करते. मोबाइलवर बघून इंजेक्टर घरी काढता येतील का? गाडीचं आणखी काय काय घरी करता येईल? मिस्टरांची द्राक्षबाग आहे, ब्लोअरच्या ट्रॅक्टरसाठी घरी डिझेलचे कॅन भरलेले असतात. घाईच्या वेळी त्यातलंच गाडीत ओततो, ते चालतं का? सकाळी दहा मिनिटं गाडी गरम करावी का? मिस्टर म्हणतात, विकून टाकू.

– एक शिक्षिका, तासगाव तालुका

उत्तर

ताई, तुमच्या आईंचं वाक्य त्या दोन्ही मिस्त्रींच्या कानावर पडायला हवं होतं. बॅटरीचे पैसे वाचले असते.

विश्रामबागेत गाडी सपाटीला उभी असणार. मळ्यातल्या घरी कशी लावता ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण माझा अंदाज असा की रस्त्यावरून चढ चढून सरळ अंगणात घालता आणि ती रात्रभर तोंड वर, डिकी खाली अशी उभी राहते. डिझेलची टाकी मागे, इंजिन पुढे. टाकीपासून इंजिनापर्यंतच्या पाइपात कुठंतरी केसाएवढी फट असली तरी रात्रभरात तिथून हवा आत शिरते आणि पाइपातलं डिझेल उतारानं टाकीकडे परत जातं. सकाळी सेल्फ मारला की पंप आधी ती हवा ओढत बसतो. थोडं डिझेल पोचलं की इंजिन धरतं, मागून हवेचा उरलेला गोळा आला की बंद पडतं, आणि तो निघून गेला की सुरळीत चालतं. तुम्ही जे वर्णन केलंय ते हुबेहूब हेच. गॅरेजच्या भाषेत, गाडी एअर धरते.

म्हणून पाना हातात घ्यायच्या आधी एक करा. आज संध्याकाळी गाडी उलटी लावा, तोंड उताराकडे आणि डिकी चढाकडे. हँडब्रेक ओढा, रिव्हर्स गिअरमध्ये ठेवा आणि चाकांपुढे दगड लावा. सकाळी पहिल्या सेल्फला चालू झाली तर पुढच्या रात्री पुन्हा तोंड वर करून लावा. पुन्हा त्रास दिला तर तुमचं निम्मं निदान झालं, आणि तेही एक रुपया न घालवता.

दुसरी खूण तुमच्याच पत्रात आहे: त्रास सर्व्हिसिंगनंतर पंधरा दिवसांत सुरू झाला. चांगल्या चालणाऱ्या गाडीत अचानक काही बिघडलं, की शेवटचा हात कुठं लागला होता ते आधी बघायचं. हात लागला होता डिझेल फिल्टरला. फिल्टर बदलताना जुनी ओ-रिंग (सांधा बंद करणारं गोल रबर) तशीच ठेवली, नवी वाकडी बसली, खालचा पाणी काढायचा स्क्रू अर्धवट आवळला, नाहीतर पाइपाचं क्लिपवालं टोक टक्‌ आवाज येईपर्यंत दाबलंच नाही. या चारांपैकी एक असण्याचीच शक्यता मला जास्त वाटते. हलक्या प्रतीच्या फिल्टरची रिंगही कधीकधी मापात नसते.

इथं लोक फसतात ते एका गोष्टीत. "गळती असती तर खाली डिझेलचे थेंब दिसले असते" असं मिस्त्रीही म्हणतात. टाकीत इलेक्ट्रिक पंप असेल आणि तो डिझेल पुढं ढकलत असेल, तर फटीतून थेंब बाहेर येतो, निदान वास तरी येतो. पण काही गाड्यांत इंजिनाकडचा पंपच मागून डिझेल ओढून घेतो. भोक पडलेल्या नळीनं उसाचा रस प्यायला गेलं की रस सांडत नाही, नुसती हवा तोंडात येते, तसं ते. तिथं बाहेरून सगळं कोरडं ठणठणीत दिसतं. तुमच्या गाडीत कोणती रचना आहे ते ओळखायला सेल्फ न मारता चावी नुसती ऑन करा आणि मागच्या सीटपाशी कान द्या. दोन-चार सेकंद बारीक घुंऽऽ असा आवाज आला तर पंप टाकीत आहे.

आता दुसऱ्या संशयिताचं बघू, म्हणजे तो बाजूला काढता येईल. सकाळचाच त्रास आणि डिझेल गाडी म्हटलं की ग्लो प्लगचं नाव येतं, आपल्याकडे ज्याला हीटर प्लग म्हणतात तो. चार सिलिंडरना चार. सेल्फच्या आधी ते लाल होऊन आतली हवा तापवतात. जुन्या इंडिकासारख्या, आधी छोट्या कप्प्यात डिझेल पेटवणाऱ्या इंजिनांना ते गेले की थंडीत गाडी हलायचीच नाही. तुमच्या इंजिनात डिझेल थेट पिस्टनवर उडतं, त्यामुळं आपल्या हवेत एखादा प्लग गेला तर उन्हाळ्यात कळतही नाही. डिसेंबर-जानेवारीत, बागेत पहाटे हुडहुडी भरते तेव्हा जाणवतं.

दोन्हींतला फरक सायलेन्सरपाशी कळतो. सकाळी मिस्टरांना सेल्फ मारायला सांगा आणि तुम्ही मागे जरा बाजूला उभ्या राहा. सेल्फ फिरतोय पण सायलेन्सरमधून काहीच येत नाही, तर इंजिनात डिझेलच पोचत नाही, म्हणजे एअर. सेल्फ फिरताना पांढरा, डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलचा वास असलेला धूर येतोय आणि चालू झाल्यावर मिनिटभर इंजिन थडथडतंय, तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही. म्हणजे ग्लो प्लग. पांढरा धूर गाडी गरम झाल्यावरही थांबत नसेल, त्याला गोडसर वास असेल आणि कुलंट कमी होत असेल, तर ते हेड गॅस्केटचं, म्हणजे इंजिनाच्या डोक्याखालच्या पॅकिंगचं दुखणं. त्याला घरी हात लावायचा नाही. तुमच्या पत्रात धुराचा उल्लेखच नाही, म्हणून मी एअरवर बोट ठेवतोय.

ग्लो प्लग तपासणं सोपं आहे. वायर काढून मल्टिमीटरचं एक टोक प्लगच्या डोक्याला आणि दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूला लावा. ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी आकडा आला तर प्लग ठीक, मीटर हललाच नाही तर प्लग मेला. तपासणी तुम्ही करा, पण प्लग काढताना जपून. दहा वर्षं हेडमध्ये बसलेला प्लग कार्बननं जाम झालेला असतो. इंजिन कोमट असताना, आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारून, हळू हातानं फिरवायचा. अडला की थांबायचं. जोर लावला आणि प्लग आतच मोडला, तर हेड उतरवायची पाळी येते.

आता मुख्य काम, फिल्टर. रविवारी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना करा. नवा फिल्टर चांगल्या कंपनीचा घ्या. सांगलीत अडचण यायची नाही. हे १२४८ सीसीचं इंजिन मूळ फियाटचं, आणि मारुती, टाटा, फियाट अशा तिघांच्याही गाड्यांत बसलेलं, त्यामुळं त्याचे पार्ट अजून मुबलक आहेत. दुकानात गाडीचं वर्ष आणि मॉडेल नीट सांगा, फिल्टर दोन-तीन प्रकारचे येतात.

उघडायच्या आधी फिल्टरचा परिसर ब्रशनं आणि कापडानं स्वच्छ पुसून घ्या. हे काम कंटाळवाणं आहे, पण सगळ्यांत मोलाचं तेच. सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या टोकाची भोकं केसाएवढी असतात. द्राक्षपट्ट्यातल्या रस्त्यांची माती बोनेटखाली बोटभर साचलेली असते, आणि त्यातला एक कण फिल्टरच्या पुढच्या बाजूला गेला तर मिस्त्रींचे ते अठ्ठेचाळीस हजार खरे ठरतील. पाइप काढले की त्यांची तोंडं लगेच स्वच्छ प्लास्टिकनं बांधा. चिंध्या धागे सोडणाऱ्या नकोत. खाली कापड अंथरा, म्हणजे डिझेल रबरी पाइपांवर आणि अल्टरनेटरवर सांडणार नाही. काढायच्या आधी मोबाइलवर चार फोटो काढून ठेवा: कुठला पाइप कुठं, कुठला कनेक्टर कुठं.

जुना फिल्टर निघाला की लगेच फेकू नका. त्यातलं डिझेल काचेच्या बरणीत ओता आणि तासभर तसंच राहू द्या. तळाला वेगळा थर दिसला तर ते पाणी. त्याचं पुढं सांगतो. मग रिंग बघा. चिरलेली आहे का, एका जागी चपटी झाली आहे का, तिच्यावर वाळूचा कण चिकटलाय का? नव्या रिंगला स्वच्छ डिझेलचं बोट फिरवून मगच बसवा. पाइपाची क्लिप टक्‌ वाजली पाहिजे, आणि वाजल्यावर पाइप मागे ओढून बघा.

यानंतर आतली हवा काढायची. फिल्टरच्या डोक्यावर दाबायचं बटण किंवा पाइपात रबरी फुगा असेल तर तो कडक होईपर्यंत दाबत राहा. टाकीत पंप असेल तर चावी ऑन करून दहा सेकंद थांबायचं, बंद करायची, असं पाच-सहा वेळा. मग सेल्फ. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही, आणि मध्ये अर्धा मिनिट विश्रांती, नाहीतर नवी बॅटरी आणि सेल्फची मोटर दोन्ही जातील.

आणि ताई, इथं मिस्टरांना एक गोष्ट बजावून सांगा. ट्रॅक्टरनं एअर धरली की आपण काय करतो? नोझलच्या, म्हणजे इंजेक्टरच्या पाइपाचा नट अर्धा ढिला करतो, सेल्फ मारतो, फेस जाऊन निखळ डिझेल आलं की आवळतो. शेतकऱ्याला ही युक्ती पाठच असते. तुमच्यासारख्या कॉमन रेल गाडीत, म्हणजे चारही इंजेक्टरना एकाच जाड नळीतून (रेलमधून) प्रचंड दाबानं डिझेल मिळतं अशा गाडीत, ती अजिबात करायची नाही. टायरमध्ये हवा असते दोन बारच्या आसपास. तुमच्या गाडीच्या रेलमध्ये इंजिन चालू असताना डिझेलचा दाब हजार बारच्याही वर जातो. त्या दाबानं निघालेली बारीक धार कातडी भेदून आत जाते. सुई टोचल्यासारखं वाटतं, एक ठिपका दिसतो, दुखतही नाही फारसं. आणि काही तासांत हात सुजून आतलं मांस मरायला लागतं. असं कुणाला कधी झालंच, तर हळद लावून घरी बसायचं नाही. सरळ मिरजेचा मोठा दवाखाना गाठायचा आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगायचं, "दाबाखालचं डिझेल आत घुसलंय." लोखंडी पाइपाला गळती दिसली तरी बोट लावून बघू नका. पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरा.

म्हणून इंजेक्टर घरी काढण्याच्या प्रश्नाचं माझं उत्तर 'नाही' असं आहे. ते तुम्हाला जमणार नाही म्हणून नव्हे. स्कूटर स्वतः खोलणाऱ्या माणसाचा हात बसलेला असतो. पण टाकीपासून फिल्टरपर्यंतची, कमी दाबाची रबरी-प्लास्टिकची बाजू तुमची. हाय प्रेशर पंप, रेल, लोखंडी पाइप आणि इंजेक्टर ही बाजू पंप-नोझलवाल्याची, म्हणजे फक्त डिझेल पंप आणि इंजेक्टरचंच काम करणाऱ्या कारागिराची. इंजेक्टर कार्बननं हेडमध्ये रुतलेले असतात, खालचा तांब्याचा वायसर दरवेळी नवा लागतो, आणि नव्या इंजेक्टरवरचा कोड स्कॅनरनं गाडीच्या कॉम्प्युटरला शिकवावा लागतो. तो स्कॅनर ज्याच्याकडे नाही त्यानं इंजेक्टर बदलायची भाषाच करू नये.

तुमचे इंजेक्टर गेलेत असं मला वाटतही नाही. इंजेक्टर आतून झिजले की डिझेल परतीच्या नळीतून टाकीकडे पळतं आणि रेलमध्ये दाब तयार होत नाही. डिझेल तापून पातळ झालं की ही गळती वाढते, म्हणून असली गाडी बहुतेक वेळा गरम असताना चालू व्हायला छळते. तुमची गरम असताना अर्ध्या सेल्फवर लागते. तरीही मिस्त्री अडून बसले, तर भांडू नका; "लीक-ऑफ टेस्ट माझ्यासमोर करा" एवढंच म्हणा. चारही इंजेक्टरच्या परतीच्या टोकांना सलाईनच्या असतात तशा चार नळ्या, खाली चार सारख्या बाटल्या, आणि गाडी काही मिनिटं चालू ठेवायची. चारही बाटल्यांत डिझेल थोडं आणि जवळपास सारखं, तर इंजेक्टर बरे. एकच बाटली भराभर भरली, तर तो एकच गेलाय. चौघांना फाशी कशाला? आणि तो एक काढला तरी आधी पंप-नोझलवाल्याच्या बेंचवर तपासून घ्यायचा. "तुम्हाला नाही कळायचं" म्हणणारा मिस्त्री या मागणीवर कसा वागतो, त्यावर त्याच्याकडे पुन्हा जायचं की नाही ते ठरवा.

आता कॅनचं. मला खरी काळजी याचीच वाटली. ट्रॅक्टरचा जुना पंप बराच कचरा पचवतो, तुमची गाडी पचवणार नाही. कॅन अर्धा रिकामा असला की रात्रीच्या गारव्यात आतल्या हवेतला ओलावा कडेला धरतो आणि तळाला उतरतो. त्यात फवारणीच्या शेडमधलं औषधी पाणी, तेच नरसाळं, झाकणावरची माती. डिझेल नुसतं इंधन नाही, हाय प्रेशर पंपाचं वंगणही तेच आहे. त्यात पाणी गेलं की पंपाचे भाग एकमेकांवर घासतात आणि धातूचा भुसा रेलपर्यंत जातो. गॅल्वनाइज्ड पत्र्याच्या डब्यात तर डिझेल साठवूच नये. जस्ताशी त्याची प्रक्रिया होऊन फिल्टर चोंदवणारा चिकटा तयार होतो. कुणी रॉकेल मिसळायचा सल्ला देईल, "थंडीत लवकर लागते" म्हणून. रॉकेल पातळ, वंगण कमी, त्यामुळं तेही नको. गाडीत डिझेल पंपावरचंच, आणि टाकी पाव भागाखाली जायच्या आत भरा. बरणीत पाण्याचा थर दिसला असेल तर फिल्टरच्या खालचा स्क्रू दर महिन्याला थोडा सोडून पाणी निघतंय का बघा, आणि तो परत घट्ट आवळायला विसरू नका, नाहीतर पुन्हा एअर!

घरी काय करता येईल, तर ऑइल नक्की करा. तुमच्या इंजिनाला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. त्यामुळं ठराविक किलोमीटरला बेल्ट बदलायचा ताप नाही, पण तिला ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. ऑइल जुनं झालं, कमी झालं की चेन सैल पडते. सकाळी चालू केल्याबरोबर पुढच्या बाजूनं दोन-तीन सेकंद साखळी खळखळल्यासारखा आवाज येतो का, कान देऊन ऐका. येत असेल तर ते काम लांबवू नका. चेंबर लहान आहे, ऑइल साधारण तीन लिटर बसतं, म्हणून दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल तेव्हा बदलायचं. ग्रेड गाडीच्या पुस्तकात लिहिलेला तोच. भरल्यावर दुसऱ्या दिवशी ऑइल काळं दिसलं म्हणून कुणावर संशय घेऊ नका, डिझेल गाडीत ते तसंच होतं.

गाडीखाली शिरताना नुसत्या जॅकवर विश्वास नको. विटा, फाडी यांवरही नको, त्या वजनानं अचानक फुटतात. जॅक स्टँड घ्या, दोनच पुरतात. ऑइल कोमट असताना सोडायचं, ड्रेन नटचा वायसर नवा, फिल्टरची जुनी रिंग जागेवरच चिकटून राहिली नाही ना ते बघून मग नवी. डिपस्टिकच्या दोन खुणांमध्ये ऑइल आलं की थांबायचं. वरच्या खुणेच्या वर भरणं हे कमी भरण्याइतकंच वाईट. जास्तीचं ऑइल किंवा टर्बोच्या (इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याच्या) सीलमधून गळणारं ऑइल हवेबरोबर सिलिंडरमध्ये ओढलं गेलं, तर डिझेल इंजिन त्या ऑइलवरच पळायला लागतं. चावी काढली तरी थांबत नाही, आवाज चढत जातो, मागे पांढऱ्या-निळ्या धुराचा लोट. क्वचित होतं, पण झालं तर घाबरून बोनेटमध्ये हात घालू नका. क्लच दाबून वरचा गिअर टाका, ब्रेक पूर्ण दाबून धरा आणि क्लच सोडा. इंजिन गुदमरून बंद पडतं. गाडीसमोर कुणी उभं राहायचं नाही, मुलं तर नाहीच.

निघालेलं ऑइल ओढ्यात किंवा बांधावर ओतू नका. लाकडाला वाळवी लागू नये म्हणून गावात ते फासतात, पण त्यात जड धातू असतात आणि तुमची विहीर लांब नाही. कॅनमध्ये भरून गॅरेजच्या पिंपात द्या. ते विकत घेणारे असतात.

एअर फिल्टर तुम्हाला पाच मिनिटांचं काम. कागदी फिल्टर धुवायचा नाही. आतून बाहेर हलकी हवा मारली तर चालेल, पण ऊसतोडीच्या हंगामात, ट्रॉल्यांच्या मागून रोज जाताय तर एखादा जास्त बदललेला परवडला. काळा धूर आणि पिकअप कमी, ही त्याची पहिली खूण. फिल्टरच्या आतल्या, स्वच्छ बाजूला धूळ दिसली तर फिल्टरच्या डब्याची सील बसलेली नाही, आणि ती धूळ सरळ टर्बोला जातेय. कुलंटमध्ये बोअरचं पाणी घालू नका, तुमच्या भागातलं पाणी क्षाराचं. डिस्टिल्ड पाणी आणि कुलंटच. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही हे तुम्हाला सांगायला नको. कुणी "ईजीआर बंद करून देतो, ॲव्हरेज वाढेल" म्हणालं (ईजीआर म्हणजे धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) तर हसून नको म्हणा. काजळीनं भरला असेल तर साफ करता येतो.

गाडी दहा मिनिटं जागेवर गरम करू नका. थंड इंजिन रिकामं चालत राहिलं की डिझेल पुरतं जळत नाही, काही सिलिंडरच्या कडेनं ऑइलमध्ये उतरतं, काजळी साचते. चालू केल्यावर अर्धा मिनिट थांबा आणि निघा. काटा वर येईपर्यंत दोन हजार आरपीएमच्या आत चालवा. उलट थांबताना थोडं थांबायचं. पुण्याहून येताना खंबाटकी चढून लगेच चहाला थांबलात, तर चावी काढायच्या आधी मिनिटभर इंजिन चालू राहू द्या. टर्बो लालबुंद तापलेला असतो, आणि इंजिन बंद झालं की त्याला ऑइल मिळणं बंद होतं.

राहिला विकायचा प्रश्न. दहा वर्षांत डिझेल गाडी बाद, ही भीती दिल्ली आणि आसपासच्या भागातल्या निर्बंधांमुळं पसरलेली आहे. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, तुमची २०२९ मध्ये संपेल, आणि तपासणी करून पुढं वाढवता येते. २०२० च्या एप्रिलपासून मारुतीनं डिझेल गाड्या बंद केल्या, तरी चालवणारे भरपूर असल्यानं पार्ट आणि मिस्त्री दोन्ही मिळतात. तरी विकायचीच असेल तर फिल्टर आणि रिंग बदलून मग विका. सकाळी चार सेल्फ खाणारी गाडी बघितली की घेणारासुद्धा इंजेक्टरचेच पैसे कापून मागणार.